सूडापुरतं जर्मन

१४ जुलै २०२४, रविवार. वालूर.

वही नवीन. दुकानातलीच आहे, वर तणनाशकाच्या कंपनीचं चित्र आहे, पण आतली पानं कोरी. रोजनिशी फक्त स्वतःसाठी लिहायची असते. तरी मी पुढे मोठा झाल्यावर कुणी मागितली तर असावी, म्हणून अक्षर नीट काढतो.

आज दुपारी पंडितमामाचा फोन आला. बापू फोन घेऊन मागच्या अंगणात गेले. पाच-सात मिनिटं बोलले. आत येऊन म्हणाले, ते चुडाव्याचं जमत न्हाई, जेवून घे.

नकार. मला. हरिओमला. वय सव्वीस, बी.कॉम. सेकंड क्लास, वालूरच्या कृषी सेवा केंद्राचा एकुलता वारस.

मागच्या रविवारीच मी, बापू आणि मामा मुलगी बघायला चुडाव्याला गेलो होतो. मुलीचं नाव राजनंदिनी. बी.एस्सी. वडील बन्सीधर गुरुजी, शाळेवर. पोहे चांगले होते. मुलीनं मला एकच प्रश्न विचारला, तुम्हाला पुढे काय करायचंय? मी खरं ते सांगितलं. पुढे म्हणजे? आहे ते बरं चाललंय. ती वडिलांकडे बघून हसली. बारीक हसली, पण मी पाहिलं.

ते हसणं मी विसरणार नाही. लिहून ठेवतो, म्हणजे विसरायची सोयच राहणार नाही.

जेवलो. भाकरी तीन. राग असला तरी अंगात ताकद पाहिजे.

२१ जुलै, रविवार

मामा आला होता. मी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. राजनंदिनीचं जमलं म्हणे. मुलगा महारुद्र. मूळचा पाथरीकडचा, इंजिनिअर, सध्या जर्मनीत. स्टुटगार्ट.

म्हणजे मला सोडून जर्मनी. ठीक.

संध्याकाळी दुकानात बसून प्लॅन केला. जर्मन शिकायचं. बिझनेस मॅनेजमेंट करायचं. जर्मनीला जायचं, महारुद्रच्या कंपनीत त्याच्या वरच्या पोस्टवर लागायचं आणि एका सोमवारी सकाळी त्याला केबिनमध्ये बोलावून कामावरून काढायचं. घरी जाऊन तो राजनंदिनीला सांगेल, साहेब वालूरचे आहेत. तेव्हा ती कशी हसते बघू.

मुदत दोन वर्षं. कंपनीचं नाव अजून माहीत नाही. बारीक गोष्ट आहे, कळेल.

२३ जुलै, मंगळवार

परभणीच्या कॉलेजात दोन वर्षांचा बिझनेस मॅनेजमेंटचा कोर्स आहे, विद्यापीठाचा, आणि सोबत जर्मन घेता येतं. मला वाटलं बापूंशी भांडावं लागेल. सकाळपासून मुद्दे पाठ केले होते. पहिलाच मुद्दा काढला आणि बापू म्हणाले, जा.

दुकान कोण बघणार, हा प्रश्न मीच विचारला. म्हणाले, मी काय मेलो न्हाई अजून.

उरलेले सगळे मुद्दे वाया गेले.

५ ऑगस्ट, सोमवार. परभणी.

अ‍ॅडमिशन झालं. जिंतूर रोडला रूम. रूम पार्टनर सिद्धोधन, पूर्णा तालुक्यातला, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. गरीब स्वभाव, पण मोठा विचार नाही. त्याला माझा प्लॅन सांगितला तर म्हणाला, एका माणसाला नोकरीवरून काढायला तू दोन वर्षं शिकणार? त्याचा नंबर घे अन् फोनवर शिवी दे, विषय मिटंल.

त्याला स्ट्रॅटेजी हा शब्द समजावून सांगितला. तो झोपला. दुपारचे बारा वाजले होते, त्याची नाईट ड्यूटी झालेली होती हे नंतर कळलं.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून वीस जर्मन शब्द. वर्षाचे सात हजार तीनशे. दोन वर्षांत डिक्शनरी संपते.

६ ऑगस्ट

उठलो सव्वाआठला. पहिला दिवस धरायचा नसतो.

१२ ऑगस्ट, सोमवार

जर्मनचा पहिला तास. शिकवायला वैदेही मॅडम. दोन वर्षं तिकडे राहून आलेल्या, बारीक आवाज, पण वर्गात माशी हलत नाही.

'मी' ला जर्मनमध्ये 'इश' म्हणतात. आता हे काय. आमच्याकडे बाया लाजल्यावर म्हणतात तो शब्द मोठ्या माणसानं उभं राहून म्हणायचा. मी म्हणालो नाही. मॅडम म्हणाल्या, नाव सांगा. मी म्हणालो, हरिओम. त्या म्हणाल्या, पूर्ण वाक्यात. मी म्हणालो, हरिओम, वालूर.

बाकी भाषा सोपी वाटली. इंग्रजीच आहे, फक्त घशात काही अडकल्यासारखं बोलायचं. हाउस म्हणजे हाउस. आपलं इंग्रजी पक्कं असल्यावर जर्मन अंदाजानं येतं. तासाला रोज बसायची गरज नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

मॅनेजमेंटमध्ये स्वॉट अ‍ॅनालिसिस शिकवला. आपली ताकद, कमजोरी, संधी आणि धोका. घरी, म्हणजे रूमवर, सूडाचा स्वॉट काढला.

ताकद: राग. स्मरणशक्ती. सोयाबीनच्या सगळ्या जाती पाठ.
कमजोरी: काही सापडली नाही. सिद्धोधनला विचारलं, त्यानं पाच सांगितल्या. त्याला माझी पूर्ण माहिती नाही.
संधी: जर्मनी.
धोका: काही नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

धोका निघाला.

आज जर्मनच्या तासाला उशिरा गेलो, तर तिसऱ्या बाकावर राजनंदिनी. मला वाटलं भास आहे. भास नव्हता, तिनं मान हलवली.

कळलं ते असं. कॉलेजात जर्मनची बॅच बाहेरच्या लोकांसाठीही खुली आहे. लग्नानंतर नवऱ्याकडे जायचा व्हिसा पाहिजे तर बायकोला आधी जर्मनची ए-वन परीक्षा पास व्हावी लागते. परीक्षा पुण्यात, २३ नोव्हेंबरला. फेब्रुवारीत लग्न. नापास झाली तर व्हिसाचा अर्जच करता येत नाही, नवरा तिकडे आणि ही चुडाव्यात. रोज चुडाव्याहून पॅसेंजरनं येते, पुस्तक गाडीतच उघडते म्हणे. दोन महिने घरी मोबाईलवर शिकून आलीय.

तास सुटल्यावर माझ्याकडे आली. तुमी वालूरचे ना, म्हणाली. मी म्हणालो, हो, का? ती म्हणाली, झालं ते झालं, मनात काही ठेवू नका, माझ्या मनात काही नाही.

वा. जखम हिनंच द्यायची आणि माफही हिनंच करायचं.

पण आता प्लॅन बदलायला हवा. मॅनेजमेंटमध्ये म्हणतात, संधी दार वाजवते. इथं तर तिसऱ्या बाकावर येऊन बसलीय. महारुद्रला दोन वर्षांनी कशाला गाठायचं? हिची परीक्षाच होऊ द्यायची नाही. म्हणजे होऊ द्यायची, पास होऊ द्यायची नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

तिला सगळं येतं. मॅडमनी विचारलं की हात वर. मी मुद्दाम हात वर करत नाही, शत्रूला आपली ताकद दाखवायची नसते.

१ ऑक्टोबर, मंगळवार

देव आहे.

बोलायच्या परीक्षेत समोरासमोर बसून एकमेकांना प्रश्न विचारायचे असतात. त्याच्या सरावासाठी मॅडमनी जोड्या लावल्या. राजनंदिनीची मैत्रीण आली नव्हती. मॅडम म्हणाल्या, हरिओम, तू बस तिच्यासोबत.

तिनं लगेच विचारलं, तुमी कॉलेजचे रेग्युलर आहात, तुमाला जास्त येत असंल, माझ्या शंका सांगाल का? तासाआधी अर्धा तास. माझी गाडी तशीही लवकर येते.

मी म्हणालो, सांगीन की.

प्लॅन पक्का. मला जे बरोबर माहीत आहे त्याच्या बरोबर उलट तिला शिकवायचं. रोज थोडं थोडं. पिकाला एकदम औषध मारलं की दिसतं. मुळाशी सोडलं की कळत नाही. हे माझं दुकानातलं ज्ञान.

३ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी १०.

पहिला डोस दिला.

जर्मनमध्ये प्रत्येक नामाला डेअर, डी नाहीतर डास लावतात. पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी. तिनं विचारलं, मेडशन म्हणजे मुलगी, त्याला काय लावायचं? आता मुलगी स्त्रीलिंगी, म्हणजे डी, हे शेंबडं पोर सांगेल. मी तोंड गंभीर ठेवून सांगितलं, डास. मुलगी नपुंसकलिंगी.

तिनं वहीत लिहून घेतलं. थोडं थांबली, म्हणाली, विचित्रच आहे. मी म्हणालो, भाषाच तशी आहे, आपण काय करणार.

बाहेर येऊन चहा प्यालो. इतका गोड चहा मागे कधी लागला आठवत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

वो म्हणजे कोण आणि वेअर म्हणजे कुठे. इंग्रजीसारखंच आहे, सरळ. मी उलटं सांगितलं: वो म्हणजे कुठे, वेअर म्हणजे कोण. परीक्षेत तिला विचारतील तू कोण, ती सांगेल चुडावा.

सिद्धोधनला हे सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, तिला व्हिसा मिळाला न्हाई तर तुला काय मिळंल? मी म्हणालो, समाधान. तो म्हणाला, ते कशात घालून खातात?

१४ ऑक्टोबर, सोमवार

घड्याळ. हाल्ब द्राय. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. म्हणजे साडेतीन. मी तिला सांगितलं अडीच. ती एकदम खूश झाली. म्हणाली, म्हणजे आपल्यासारखंच, तिसरा तास अर्धा झाला. मग दीड पण तसंच असंल. मी म्हणालो, असेल.

तिच्या खुशीनं मला आत कुठंतरी कसंसं झालं. लगेच ते हसणं आठवलं. बरं वाटलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज दोन.

एक, बेकोमन. हे सरळ इंग्रजीतलं 'बिकम' आहे, होणं, बनणं. त्यापासून लांबात लांबचा अर्थ शोधायला दहा मिनिटं लागली. सांगितलं, मिळणं. काहीतरी मिळणं.

दोन, गिफ्ट. तिनं विचारलं, हे तरी इंग्रजीतलंच असंल ना? माझ्या मनात जे होतं ते तोंडात आलं. म्हणालो, नाही, गिफ्ट म्हणजे विष.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं पकडला गेलो. ती म्हणाली, बरं झालं सांगितलं, मी तर लग्नात गिफ्ट आणू नका असं जर्मनमध्ये लिहिणार होते. आणि डबा पुढे केला. धपाटे होते, आईनं दिलेले. तुमच्यासाठी वेगळे आणले म्हणाली.

मी दोन खाल्ले. खाऊन सूड घ्यायला हरकत नसते.

३० ऑक्टोबर, बुधवार. वालूर.

दिवाळीची सुट्टी. दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी. बापूंनी विचारलं, जर्मन काय म्हणतं? मी म्हणालो, जोरात. एक वाक्य बोलून दाखव म्हणाले. मी म्हणालो, इश बेकोमं मॅनेजर. म्हणजे मी मॅनेजर बनतोय. बापूंनी ते वाक्य गिऱ्हाइकांना दोनदा म्हणायला लावलं.

मायनं विचारलं, वर्गात पोरी हायत का? मी म्हणालो, एक आहे, तिचं काही खरं नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तिचा शेवटचा सराव. दीड महिन्यात एकशे चाळीस गोष्टी उलट शिकवल्या, मागच्या पानावर यादी आहे. माझ्या स्वतःच्या अभ्यासाला वेळ झाला नाही, पण एका वेळी एकच टार्गेट ठेवायचं असतं. तासालाही बसलो नाही फारसा, कारण तिच्यासमोर मॅडमनी मला काही विचारलं तर प्लॅन उघडा पडला असता.

जाताना ती म्हणाली, भीती वाटतीय. माझ्यामुळं बाबांना लय त्रास झालाय आधीच, आता नापास झाले तर त्यांना तोंड दाखवू वाटणार नाही.

मी म्हणालो, होईल चांगलं. हे सवयीनं उलट बोललो की काय, मलाच कळलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

तिची परीक्षा. पहाटेच मारुतीच्या देवळात गेलो. नारळ फोडला आणि मनातल्या मनात म्हणालो, नापास होऊ दे. पुजारी म्हणाला, परीक्षा हाय का कुणाची? मी म्हणालो, हो. म्हणाला, पास होईल. मी म्हणालो, तसं नाही. तो म्हणाला, होईल म्हणलं ना, जा आता, मागं लाइन हाय.

त्यानं मध्ये बोलायला नको होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

शंभरपैकी एक्याण्णव.

राजनंदिनी पेढे घेऊन आली. आधी मॅडमच्या पाया पडली आणि मग सगळ्या वर्गासमोर म्हणाली, हे मार्क हरिओमसरांचे आहेत. सर. तिनं सांगितलं की घड्याळाचा प्रश्न आला होता, वो आणि वेअरचा आला होता, बोलायच्या परीक्षेत कार्डावर मेडशन आलं होतं, आणि ती कुठेच अडली नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैदेही मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, माणूस गणित तपासताना असतो तसं काहीतरी होतं.

पेढा खाल्ला. परीक्षा घेणाऱ्यांनी ढिली तपासली असणार.

९ डिसेंबर, सोमवार

माझी जर्मनची अंतर्गत चाचणी परत मिळाली. चाळीसपैकी सात. मॅडमनी लाल शाईनं बरोबर उत्तरं लिहिली होती. डी मेडशन काटून डास मेडशन. साडेतीन काटून अडीच. बेकोमन, मिळणं.

मागच्या पानावरची यादी काढली आणि पुस्तकाशी एकेक लावून पाहिली. सकाळी सुरू केलं, जेवायला उठलो नाही. एकशे चाळीसपैकी एकशे चौतीस बरोबर.

म्हणजे मी मुद्दाम चुकीचं शिकवलं ते सगळं बरोबर होतं, आणि मला बरोबर वाटत होतं ते सगळं चूक.

सिद्धोधनला दाखवलं. तो इतका हसला की शेजारच्या रूममधले बघायला आले. त्याला मुद्दा कळलाच नाही. मुद्दा असा की एकशे चौतीस बरोबर उत्तरं माझ्याच तोंडातून आली. म्हणजे आत खोल कुठंतरी मला जर्मन येतं. फक्त वर यायला राजनंदिनी लागली.

ते काही असो. सूड पुढे चालू. मुख्य टार्गेट महारुद्र.

११ जानेवारी २०२५, शनिवार

लग्नपत्रिका आली. १६ फेब्रुवारी, पूर्णा, मंगल कार्यालय. माझ्या नावापुढे हातानं 'सर' लिहिलंय.

प्लॅन: स्टेजवर जायचं, चारचौघांत महारुद्रच्या डोळ्यांत बघायचं आणि जर्मनमध्ये एकच वाक्य टाकायचं. गुटन टाग, इश बिन ईअर शेफ. नमस्कार, मी तुमचा साहेब आहे. शेफ म्हणजे बॉस. हे पुस्तकात चार वेळा तपासलं, अंदाज नाही. त्याला आत्ताच कळून राहू दे की पुढे काय वाढून ठेवलंय.

रोज आरशासमोर म्हणतो. 'इश' म्हणताना आता लाज वाटत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. रात्री नीट सुचणार नाही म्हणून पूर्णा स्टेशनवर, गाडी यायच्या आत लिहितोय.

दुपारी साडेबाराला लग्न लागलं. स्टेजवर गेलो. महारुद्र माझ्यापेक्षा बुटका निघाला, फेट्यात घामाघूम झालेला. मी डोळ्यांत बघून वाक्य टाकलं. त्याच वेळी बँडनं सुरुवात केली. तो कान पुढे करून हसला. पण त्याच्या शेजारी त्याचे नांदेडचे काका उभे होते, त्यांना शेवटचा शब्द नीट ऐकू गेला.

तुमीच शेफ का, म्हणाले. अहो सकाळपासून हुडकायलोय तुमाला. पंगत अडकून पडलीय, चला. आणि माझं कोपर धरून मला स्टेजवरून खाली, तिथून भटारखान्यात.

मी सांगायचा प्रयत्न केला. पण तिथं खरंच अवघड झालं होतं. वाढपी आणि आचारी भांडून वेगवेगळ्या कोपऱ्यात बसलेले, दोन पंगती ताटकळत, एका बाजूला बुंदीचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला लोक नुसत्या मिठाकडे बघायलेत. बन्सीधर गुरुजी हात जोडून एकेका पाहुण्यापुढे उभे. मला ते बघवेना. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. वाढप्यांच्या चार टोळ्या केल्या, भात एका दारानं, वरण-भाजी दुसऱ्या, आचाऱ्याला दुकानात गिऱ्हाईक समजावतो तसं समजावलं. दोन तासांत साडेआठशे पान उठलं. कुणाला काही कमी पडलं नाही. कुणी माझ्याकडे बघतंय का, हेही मी पाहिलं नाही. आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

शेवटच्या पंगतीला राजनंदिनीनं मला बसवलं. नवऱ्याला म्हणाली, हे हरिओमसर. महारुद्रनं माझ्या पानात स्वतः जिलेबी वाढली. म्हणाला, मी ही परीक्षा दोनदा नापास झालो होतो, तुमी हिला एका झटक्यात कसं काढलं? मग तो पाणी आणायला गेला. त्याला कामावरून काढायचा विचार तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

तो गेल्यावर राजनंदिनी म्हणाली, एक विचारू का, आता काही फरक पडत नाही म्हणून. तुमच्याकडून नकार का आला होता? बाबांना लय लागलं होतं. त्यांना वाटलं माझ्या प्रश्नामुळं आला. आठ दिवस नीट जेवले नव्हते. म्हणून ते पुढचं स्थळ इतकं घाईनं बघितलं.

मी हसलो. म्हणालो, आमच्याकडून? नकार तुमच्याकडून आला. ती म्हणाली, न्हाई हो, पंडितमामांनीच सांगितलं, वालूरची मंडळी न्हाई म्हणायलीत.

पंडितमामा दोन पानं सोडून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पानातल्या भातात वरण कालवत राहिला. शेवटी म्हणाला, बापूला इचार.

तिचा चेहरा पडला. मी म्हणालो, जाऊ द्या, काहीतरी गैरसमज झाला असेल. ती पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होती. सॉरी कुणी म्हणायचं हे मला माहीत होतं. मला म्हणता आलं नाही, ना मराठीत, ना जर्मनमध्ये.

गाडी आली.

१७ फेब्रुवारी, सोमवार. वालूर.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. बापूंना विचारलं.

बापू पोत्यावर बसले. म्हणाले, हो, मीच न्हाई म्हणलो. पोरगी तुला काय इचारायली अन् तू काय सांगायलास, हे मी तिथं बसून ऐकलं. मला लाज वाटली न्हाई, भ्याव वाटलं. ते लेकरू दुकानाच्या मागच्या खोलीत आणून आपण बसवलं असतं, अन् तिचं मातेरं झालं असतं. तुला इचारलं असतं तर तू हो म्हणला असतास. मग मला न्हाई म्हणता आलं नसतं.

मी म्हणालो, मग मला सांगायचं होतं. सात महिने मी काय काय करत होतो तुम्हाला माहीत नाही.

म्हणाले, माहीत न्हाई, पण चिडून का होईना, उंबऱ्याच्या बाहेर पडलास. सांगितलं असतं तर पुन्हा गल्ल्यावर येऊन बसला असतास.

मग गिऱ्हाईक आलं. बापू उठले आणि त्याला स्प्रे पंपाचा वायसर दाखवू लागले.

१८ फेब्रुवारी

बापूंवर सूड घ्यायचा विचार केला. रीतसर स्वॉट काढायला बसलो. त्यांची ताकद, त्यांची कमजोरी. कमजोरीच्या रकान्यात मी एकटाच निघालो.

कागद फाडला.

२७ मार्च, गुरुवार. परभणी.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल. मॅनेजमेंटचे पेपर निघाले, काठावर. जर्मन राहिलं. पुन्हा मे महिन्यात.

महारुद्रला काढायची मुदत सोळा महिन्यांवर आलीय. मुदत वाढवून द्यायला हरकत नाही. जिलेबी त्यानं स्वतः वाढली होती, हे विसरून चालणार नाही. शिवाय त्याच्या कंपनीचं नाव विचारायचं पुन्हा राहूनच गेलं.

१५ मे, गुरुवार

फेरपरीक्षा. या वेळी शास्त्रीय पद्धत वापरली. अनुभव असा की मला जे वाटतं त्याच्या उलट ते बरोबर असतं. म्हणून प्रत्येक प्रश्नाला आधी मनातलं उत्तर पेन्सिलीनं कच्चं लिहून खोडलं आणि त्याच्या उलट पेननं लिहिलं. पेपर एका तासात संपला. वर्गात सगळ्यात आधी मी बाहेर.

या वेळी पंच्याहत्तरच्या खाली येत नाही.

१० जून, मंगळवार

अकरा.

मॅडमनी बोलावून घेतलं. पेपर समोर ठेवला. प्रत्येक उत्तराशेजारी मी कच्चं आधी पेन्सिलीनं लिहून खोडलं होतं. मॅडम म्हणाल्या, हरिओम, हे खोडलेलं वाचता येतंय. हे सगळं बरोबर आहे. शहात्तर मार्कांचं. तुला कधी यायला लागलं?

मी म्हणालो, बहुतेक राजनंदिनीला शिकवताना. नाहीतर यादी पुस्तकाशी लावून बघताना.

मॅडमनी मग हळूच विचारलं, तिला तू नक्की काय शिकवत होतास? मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. खांदे हलत होते.

राजनंदिनी मागच्याच आठवड्यात गेली, त्यांच्याकडूनच कळलं. मुंबईहून विमान होतं. निघायच्या आधी मॅडमना भेटून गेली. माझ्यासाठी काही निरोप आहे का विचारणार होतो, विचारलं नाही.

१९ जून, गुरुवार

मॅडमचा फोन आला. नवीन बॅचला येलदरीची एक मुलगी आहे, कावेरी. तिचंही लग्न ठरलंय, तिलाही ए-वन द्यायचीय, आणि बोलायच्या सरावाला समोर कुणी बसायला नाही. तू बसशील का?

मला भरून आल्यासारखं झालं. म्हणालो, बसतो की मॅडम. कुठून सुरुवात करू, लिंगापासून की घड्याळापासून? नोट्स तयार आहेत माझ्याकडे.

मॅडम म्हणाल्या, नोट्स नको. शिकवायचं काही नाही. तिनं बोलायचं, तू नुसतं समोर बसायचं आणि मान हलवायची.

हो म्हणालो. सोमवारपासून, सकाळी साडेनऊ.